६१ हर्ट्झचा डावा वूफर: मामांच्या जुन्या स्पीकर-जोडीचं प्रकरण

रत्नागिरीहून मामांचा फोन आला तो तक्रारीचाच. "अगं, डावा स्पीकर दुरुस्त करून आणला तेव्हापासून डग्गा ढोलासारखा वाजतोय. आणि उजव्यातून डग्गा येतच नाही. तू ये एकदा."

मामांनी हे स्पीकर १९८४ मध्ये मस्कतला घेतले. तिथे नोकरी होती, पहिल्या बोनसमधून घेतलेली ही पहिली चैन. दोन-मार्गी, बंद पेटीचे, ८ इंची कागदी कोनचा (म्हणजे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याचा) वूफर खालच्या स्वरांसाठी आणि १ इंची रेशमी घुमटाचा ट्वीटर वरच्या स्वरांसाठी. अमेरिकन बनावट. नाव इथे देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या काळच्या कितीतरी कंपन्यांच्या स्पीकरना लागू आहे. १९९२ ला मामा परत आले तेव्हा जहाजातून आलेल्या सामानात हे दोन खोके होते. मग पंचवीसेक वर्षं ते खाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात वाजले, नंतर बरीच वर्षं माळ्यावर पडून राहिले. गेल्या वर्षी मामांनी ते खाली काढले.

मी दोन्ही पेट्या पुण्याला घेऊन आले. काम पाच महिने चाललं. त्यातले चार महिने एका चुकीची भरपाई करण्यात गेले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी काय घडलं होतं

उजव्या स्पीकरची जाळी काढली तर कोनभोवतीची फोमची रिंग जवळजवळ नव्हतीच. काळे, चिकट तुकडे खाली पडले होते. बोट लावलं की डांबरासारखं बोटाला लागायचं. कोन केवळ मागच्या स्पायडरच्या, म्हणजे लवचीक कापडी चकतीच्या, आधाराने लटकत होता.

हा झिजण्याचा प्रकार नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. त्या काळात या रिंगांसाठी पॉलियुरेथेन फोम वापरत, आणि त्यातला पॉलिएस्टर जातीचा फोम हवेतल्या ओलाव्याने रासायनिकरीत्या तुटतो. स्पीकर वाजवा किंवा माळ्यावर ठेवा, फोम आपल्या गतीने जातोच. साधारण पंधरा-वीस वर्षं हे त्याचं आयुष्य. कोकणातल्या दमट हवेत आणखी कमी धरावं. रबरी रिंग किंवा लेप दिलेली कापडी रिंग याच्या कितीतरी पट टिकते.

रिंग गेली की बंद पेटी बंद राहत नाही. कोनच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळते आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मामांना एवढंच जाणवलं की "बास कमी झालाय." त्यांनी ॲम्पवरचं बासचं बटण पूर्ण फिरवलं. ॲम्प २५ वॉटचा. खालच्या स्वरांसाठी सगळी ताकद मागितल्यावर त्याच्या लहरींची टोकं कापली जाऊ लागली, आणि कापलेल्या लहरीत वरच्या पट्टीची जी जादा ऊर्जा तयार होते ती जाते थेट ट्वीटरकडे. उजवा ट्वीटर गेला तो असा. मल्टिमीटरवर त्याची कॉइल (घुमट हलवणारं तारेचं वेटोळं) पूर्ण तुटलेली दिसली. म्हणजे ट्वीटर मेला, पण मूळ दुखणं वूफरच्या रिंगेचं. नुसता ट्वीटर बदलून दिला असता तर काही महिन्यांत तोही गेला असता.

डाव्या वूफरची गोष्ट वेगळी. तो मामांनी गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. मंडळांचे, भजनी मंडळींचे, लग्नाच्या हॉलचे स्पीकर बांधून देणारा हा माणूस. त्याने रीतसर री-कोनिंग केलं: जुना कोन, जुनी कॉइल, जुना स्पायडर काढून टाकला आणि नवा संच बसवला. "एकदम कडक करून दिलाय, आता फाटायचा नाही," असं त्याने मामांना सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. गणपतीत दहा दिवस वाजणाऱ्या स्पीकरला कडकपणाच लागतो. त्याच्या हाताची सफाईही चांगली होती, कॉइल कुठेही घासत नव्हती. पण जुना कोन आणि कॉइल त्याने टाकून दिली होती. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण दोन वूफरपैकी एकाचं मूळ अंगच नाहीसं झालं होतं.

मोजल्यावर काय दिसलं

वूफरचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे मोकळ्या हवेत कोन कुठल्या वारंवारतेला सर्वांत सहज डोलतो ते, घरच्या घरी मोजता येतं. ॲम्प, सूर निर्माण करणारं मोबाइलवरचं ॲप, वूफरच्या ओळीत १,००० ओहमचा रेझिस्टर आणि वूफरच्या टोकांवर मल्टिमीटर. सूर हळूहळू वर न्यायचा. जिथे व्होल्टेज सर्वांत जास्त दिसेल ती अनुनाद वारंवारता. स्वस्त मल्टिमीटर ४० हर्ट्झच्या खाली आकडा नेमका देत नाहीत, पण शिखर कुठे आहे ते दाखवतात, आणि आपल्याला शिखरच हवं असतं.

री-कोन केलेला डावा वूफर: ६१ हर्ट्झ. कॉइलचा रोध ७.१ ओहम. उजव्याचा रोध ६.१ ओहम, पण रिंगच नसल्यामुळे त्याच्या अनुनादाच्या आकड्याला अर्थ नव्हता. मूळ आकडा काय असावा? मामांनी कागद जपून ठेवले होते. माहितीपत्रकावर पेटीतला अनुनाद ५५ हर्ट्झ छापला होता. पेटीचं आतलं आकारमान मी मोजलं, २२ लिटर. त्यावरून आणि त्या काळच्या अशा वूफरच्या सर्वसाधारण मापांवरून उलटा हिशेब केला तर मोकळ्या हवेतला मूळ अनुनाद २८-२९ हर्ट्झच्या आसपास येत होता.

इथे बंद पेटीचं तत्त्व सांगायला हवं. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. तोवर वूफरचा कोन ताठ बांधलेला असे आणि पेटी जमेल तेवढी मोठी. व्हिलचर यांनी उलटं केलं: कोन मुद्दाम सैल बांधला, पेटी लहान आणि हवाबंद केली, आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. हवेची स्प्रिंग फोमपेक्षा आणि कापडापेक्षा जास्त एकसारखी वागते. मामांच्या पेटीत हवेचा ताठपणा वूफरच्या स्वतःच्या बांधणीपेक्षा साधारण पावणेतीन पट येत होता.

याचा एक फार मोठा फायदा दुरुस्ती करणाऱ्याला मिळतो. रिंग मूळच्यापेक्षा थोडी ताठ किंवा थोडी सैल निघाली तरी पेटीतला अनुनाद फारसा हलत नाही. मोकळ्या हवेत २८ ऐवजी ३१ हर्ट्झ आला, तर पेटीत ५४ चे ५६ होतात. एवढा फरक ऐकू येत नाही. म्हणून अशा स्पीकरच्या रिंगा घरी बदलायला घाबरू नये, असं माझं ठाम मत आहे. मागच्या बाजूला नळी असलेल्या पेटीत इतकी सूट मिळत नाही.

पण २८ चे ६१ झाले तर? स्वतःचा ताठपणा पावणेपाच पट झाला, हवेची स्प्रिंग दुय्यम ठरली. डाव्या पेटीतला अनुनाद मोजला तर ७६ हर्ट्झ. कागदावर हिशेब केला तर ४० हर्ट्झला सुमारे ४ डेसिबल कमी, आणि ९० हर्ट्झच्या आसपास पावणेदोन डेसिबलचा फुगवटा. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात राहतो. मामांचे कान ७८ वर्षांचे आहेत, वरचे स्वर त्यांना आता कमी ऐकू येतात, पण "डग्गा ढोलासारखा" हे त्यांचं निदान माझ्या आकड्यांच्या आधी झालेलं होतं आणि तंतोतंत बरोबर होतं.

डाव्याचं काय करायचं

पहिला विचार सगळे करतात तोच: दोन नवे ८ इंची वूफर घ्यावेत. पुण्यातली तपकीर गल्ली पालथी घातली, मग मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले. दुकानदार विचारतो, "किती इंची?" आणि काउंटरवर चार खोके ठेवतो. इंच सोडून त्यांच्यात काहीच समान नसतं. मोटारीचे वूफर ४ ओहमचे, ते मामांच्या जुन्या ॲम्पला जड आणि क्रॉसओव्हरला (वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटला) चुकीचे. बाकीचे मंडपातल्या कामाचे, अनुनाद ५५ ते ६० हर्ट्झ, म्हणजे दुरुस्तीवाल्याने जे केलं तेच नव्या खोक्यात. त्यांची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटला वाजण्याचा जोर, तीही इतकी जास्त, की ट्वीटर त्यांच्यापुढे दबून गेला असता. सांगाड्याचा व्याससुद्धा दर कंपनीचा वेगळा. ८ इंची म्हणवणारे दोन वूफर एकाच भोकात बसतील याची खात्री नाही.

ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वूफर आणि पेटी यांचं नातं मोजक्या आकड्यांत बसवलं. त्या आकड्यांना आज थील-स्मॉल मापं म्हणतात. नवा वूफर घ्यायचाच असेल तर त्याच्या कागदावर ही मापं छापलेली असली पाहिजेत, आणि आपल्या पेटीच्या लिटरशी त्यांचा हिशेब जुळला पाहिजे. ज्या वूफरला ही मापंच दिलेली नाहीत तो कितीही देखणा असला तरी मी बंद पेटीत बसवणार नाही.

राहिला तिसरा मार्ग: तोच वूफर जुन्यात शोधायचा. उजव्याच्या मॅग्नेटमागे शाईचा शिक्का होता. अमेरिकन स्पीकरवर अशी एक अंकमाला असते, सुरुवातीला कारखान्याचा संकेत आणि शेवटी वर्ष व आठवडा. शिवाय कंपनीचा भाग क्रमांक वेगळा छापलेला. मी फोटो काढून ओळखीच्या सगळ्यांना पाठवला आणि दर महिन्याला चोरबाजारात एक फेरी ठेवली. चौथ्या फेरीत त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची एक फुटकी पेटी मिळाली. आतल्या वूफरवर तोच भाग क्रमांक, शिक्क्यातला आठवडा फक्त पाच महिने पुढचा. रिंग अर्थातच गेलेली. पण कॉइल ६.० ओहम, स्पायडर शाबूत, कोनला एकही चीर नाही. दुकानदाराला फाटका स्पीकर विकत घेणारी बाई पाहून आश्चर्य वाटलं असावं. मला तो अगदी हवा तसा फाटका होता.

रिंग बसवणं

रिंग मागवताना मी आधी एक चूक केली: "८ इंची" म्हणून मागवली. आली ती कोनपेक्षा इतकी मोठी की तिची वळी (मधला फुगीर, लवचीक भाग) कोनच्या कडेबाहेर लोंबत होती. मग मापं नीट घेतली. चार मापं लागतात: रिंगेचा बाहेरचा व्यास, वळीचा बाहेरचा, वळीचा आतला आणि सगळ्यात आतला, म्हणजे कोनला चिकटणाऱ्या पट्टीचा. मामांच्या वूफरला ती १९६, १७९, १५८ आणि १४६ मिलिमीटर आली. परदेशातून मागवलेल्या बरोबर मापाच्या दोन जोड्या, टपाल आणि कस्टम धरून ३,४०० रुपयांना पडल्या. दुसरी जोडी हात चुकला तर असावी म्हणून.

जुना फोम आणि गोंद काढणं हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ काम. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याने लावायचं, दोन मिनिटं थांबायचं, बोथट सुरीने खरवडायचं. कागदी कोन ओला झाला की मऊ पडतो, म्हणून थोडं थोडं. एका वूफरला माझी अख्खी संध्याकाळ गेली. इथे घाई केली तर नवी रिंग जुन्या चिकट थरावर बसते आणि वर्षाच्या आत सुटते.

गोंद म्हणून मी साधा पांढरा, पाण्यात विरघळणारा पीव्हीए वापरला, सुतार वापरतात तोच. कागदावर तो उत्तम धरतो, सुकायला वेळ घेतो आणि त्या वेळात रिंग सरकवता येते. बुटांना किंवा रेक्झिनला लावतात तो पिवळा गोंद टाळावा. त्यातलं द्रावण फोमला सोसत नाही, आणि एकदा टेकवलं की हलवता येत नाही. कोन प्लास्टिकचा असेल तर मात्र पीव्हीए चालणार नाही, पॉलिप्रॉपिलीनला तो धरतच नाही.

पहिल्या दिवशी रिंग फक्त कोनला चिकटवली. दुसऱ्या दिवशी बाहेरची कड सांगाड्याला. खरं कौशल्य या दुसऱ्या टप्प्यात आहे, कारण कॉइल मॅग्नेटच्या फटीत बरोबर मध्ये राहिली पाहिजे आणि ती फट मिलिमीटरच्या काही दशांशांची. उजव्यासाठी मी ३० हर्ट्झचा हलका सूर लावून ठेवला. कोन डोलत असतो, कान जवळ नेला की घासण्याचा 'खर्रर' ऐकू येतो, बोटांनी रिंग किंचित सरकवायची, आवाज स्वच्छ झाला की कपड्यांचे चिमटे लावायचे. डस्ट कॅप (कोनच्या मधली धूळ अडवणारी टोपी) कापावी लागली नाही.

चोरबाजारातल्या वूफरने एवढं सुख दिलं नाही. तो वर्षानुवर्षं आडवातिडवा पडलेला होता, स्पायडर एका बाजूला झुकला होता. तिथे डस्ट कॅप ब्लेडने गोल कापली, आतल्या फटीत ओएचपी शीटच्या (पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या) पट्ट्या चारी बाजूंनी सरकवल्या, कॉइल त्या पट्ट्यांनीच मध्ये धरून ठेवली, आणि मग रिंग चिकटवली. चोवीस तासांनी पट्ट्या काढल्या. कोन सगळीकडून सारख्या बोटांनी दाबला, कुठेही घासत नव्हता. नवी डस्ट कॅप लावली. दोन्हीकडचं दिसणं सारखं राहावं म्हणून उजव्याचीही कॅप बदलावी असं वाटलं, पण ठीक असलेल्या वूफरला ब्लेड लावणं मला पटलं नाही. जाळीआड फरक दिसत नाही.

लगेच मोजलं तेव्हा उजवा २९, डावा ३१.५ हर्ट्झ. दोन आठवडे रोज तास-दोन तास वाजवल्यावर फोम मोकळा झाला: २८.५ आणि ३०. पेट्यांत बसवल्यावर ५४ आणि ५५. माहितीपत्रकावर ५५ होते.

पेटी बंद आहे ना, याची परीक्षा सोपी आहे. कोन हळूच आत दाबून सोडायचा. तो सावकाश, दोनेक सेकंदांत, परत येत असेल तर हवा अडते आहे. लगेच टुणकन आला तर कुठेतरी फट आहे. डाव्या पेटीत वूफरखालची गास्केट वाळली होती, दाराला लावतात ती फोमची पट्टी लावून भागलं.

ट्वीटर आणि क्रॉसओव्हर

ट्वीटरबाबत मी मूळ वस्तूचा आग्रह सोडला. उजवा मेला होता. डावा वाजत होता, पण दबका. त्याच्या फटीत फेरोफ्लुइड असतं, चुंबकाने धरून ठेवलेलं तेल. १९६३ मध्ये नासातल्या स्टीव्ह पॅपेल यांनी ते वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन ओढून घ्यायला शोधलं. पुढे स्पीकरवाल्यांनी कॉइल थंड ठेवायला ते घेतलं. चाळीस वर्षांत ते आटून गुळासारखं होतं आणि घुमट अडकतो. साफ करून नवं भरता येतं, मी एकदा ते केलंही आहे. पण इथे एक जुना, एक नवा अशी जोडी झाली असती, आणि दोन ट्वीटर वेगळे असले की गायक मधोमध उभा राहत नाही, एका बाजूला सरकतो.

म्हणून दोन्ही नवे घेतले. अनुनाद ९०० हर्ट्झ, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास काम सुरू होणाऱ्या क्रॉसओव्हरला पुरेसं खाली. ते जुन्यापेक्षा ३ डेसिबल जोरात वाजत होते. ओळीत २.२ ओहम आणि समांतर २२ ओहम रेझिस्टर लावून तेवढा जोर उतरवला. अशा जोडणीत क्रॉसओव्हरला ट्वीटर जवळपास ८ ओहमचाच दिसतो. नुसता ओळीतला रेझिस्टर लावला असता तर क्रॉसओव्हरचं ठिकाण हललं असतं.

क्रॉसओव्हरमधले ६.८ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर एका बाजूला ८.७ आणि दुसऱ्या बाजूला ७.९ मोजले गेले. दोन्ही बदलले.

रत्नागिरीला परत

मामांनी काहीही बोलायच्या आधी कुमार गंधर्वांची कॅसेट लावली. मी मात्र तानपुरा ऐकत होते. काळी एकचा षड्ज असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झला येते. ७६ हर्ट्झच्या पेटीतून ती आणि तिच्या आसपासचंच सगळं फुगून यायचं. आता ती फक्त जमिनीसारखी खाली होती. डग्गा आला तेव्हा मामांनी बासच्या बटणाकडे हात नेला आणि मध्यावर आणून ठेवला.

"हा आता डग्गा वाजतोय," ते म्हणाले, आणि कॅसेटची बाजू संपेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

उरलेली रिंगांची जोडी मामांनी कपाटात ठेवायला मागितली. मी दिली नाही. फोम पिशवीतही तसाच जातो, पंधरा वर्षांनी ती जोडी निकामीच असेल. त्याऐवजी दोन्ही पेट्या बंद करण्याआधी आतल्या लाकडावर पेन्सिलने लिहून ठेवलं: रिंग १९६–१७९–१५८–१४६. कागदी कोन, पांढरा गोंद. मोकळ्या हवेत २८ ते ३० हर्ट्झ, पेटीत ५५. जुना कोन टाकू नये.